आवडाबाईच्या परसातला अंगारा

त्या सकाळी आमच्या परसात पाय ठेवायला जागा नव्हती. मंगरूळपीरच्या बाजाराला निघालेली माणसं डोक्यावरच्या वांग्यांच्या पाट्या न उतरवताच आत घुसली होती. कोणाच्या कडेवर लेकरू, कोणाच्या हातात नारळ. सगळ्यांच्या नजरा कुडाच्या कोपऱ्यातल्या एका सपाट दगडावर खिळल्या होत्या. दगडाभोवतीची ओलसर माती काळी दिसत होती आणि हलत होती. ते मुंगळे होते, हजारोंनी. तुराट्यांच्या कुडाखालून, मेथीच्या वाफ्यातून, विहिरीकडून त्यांच्या रांगाच्या रांगा येत होत्या आणि दगडापाशी एकमेकांच्या अंगावर चढत होत्या.

"अठी कोणी गूळ सांडला काय?" दगडापाशी उभा असलेला मुंगीबुवा ओरडला.

"नाई!" लोक म्हणाले.

"साखर टाकली काय?"

"नाई!"

"मंग हे फौज कोणाच्या हुकमानं आली?"

"मायच्या!"

"वाघावर बसलेली माय तुमी फोटोत पायली. मुंगीवर बसलेली माय मी दाखवून राह्यलो. काहून बसली मुंगीवर? वाघ दिसला त माणूस पळते. मुंगी दिसली त माणूस झाडू घेते. तुमच्यात गाढव कोण हाय, ते कळावं म्हनून माय मुंगीवर बसून आली!"

लोकांनी गाढव म्हणवून घेतलं आणि वर हात जोडले. मग बुवा पळसाच्या पानानं त्या दगडाजवळची ओली माती उचलायचा आणि अंगारा म्हणून प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर ठेवायचा. "एक बोट कपाळाले, एक बोट जिभेले. थुंकायचं नाई, नाईत माय कोपते."

आमच्या शेजारची हौसाबाई सगळ्यांत पुढे. डोळे मिटून तिनं बोट चाटलं आणि म्हणाली, "बाप्पा, गोड लागते व!"

आज मी ऐंशीला टेकले आहे. तोंडाची अर्धी चव गेली, माणसांची नावं विसरते, पण हौसाबाईचं ते बोट चाटणं आठवलं की अजून हातातला घास खाली ठेवते. कारण त्या गर्दीत तो दगड खरा कशाचा आहे, हे मला ठाऊक होतं. मी दहा वर्षांची होते. सन छपन्नचा पावसाळा नुकताच सरला होता.

आम्ही माळी. गावाला लागूनच आमचा भाजीचा मळा, मळ्यातच घर. घरात माझे मायबाप, माझे मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ भगवंतराव, आणि त्यांची बायको आवडाबाई, माझी मोठी माय. मुंगळ्यांच्या दगडाशेजारी पाटावर हिरवं लुगडं नेसवून, गळ्यात झेंडूची माळ घालून जिला बसवलं होतं, ती हीच. तिचा डावा पाय फडक्यात गुंडाळलेला होता. त्याचा वास लपवायला भोवती उदबत्त्या खोचल्या होत्या, पण वास काही लपत नव्हता.

मोठी माय एके काळी अंगानं भरलेली होती. दोन हातांनी दोन पाट्या उचलायची. वर्षभरात ती अशी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. तहान तर विचारू नका. एका जागी बसून गडवाभर पाणी प्यायची आणि लगेच दुसरा मागायची. खायची पुष्कळ, आणि तरी वाळायची. बायका म्हणत, "नवऱ्याचं खाल्लं अंगी लागत नाई."

तिला तीन लेकरं झाली होती. तिन्ही मेलेली. सुईण सांगायची, असलं थोराड, गुबगुबीत लेकरू आपण जन्मात पाहिलं नाही, पण जीवच नाही. तिसऱ्या वेळेनंतर गावात कोणाची ओटी भरायची असली की मोठ्या मायला बोलावणं येईनासं झालं. चुकून ती गेलीच तर पोटुशी बाई पदर आवरून आत वळायची. मोठी माय घरी परतायची. वांग्यातली किडकी वांगी निवडत बसायची.

आमच्याकडच्या बायका सांजेला गडवे घेऊन घोळक्यानं नाल्याकडे जात. मोठ्या मायला तेवढा दम निघत नसे. तिला घडीघडीला जावं लागे. म्हणून तिनं परसातल्या कुडाचा कोपरा धरला. तिथं एक सपाट दगड होता. मी तिचा गडवा धरून कुडाबाहेर पाठ करून उभी राहायची. दगडापाशी मुंगळे जमायला लागले तेव्हा ती मला म्हणाली, "नाने, कोणाले सांगू नको हं. लाजिरवानं हाय."

मी तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली.

आणि मग हा बुवा आला. दुपारी पाणी मागायला आला, हातपाय धुवायला कुडामागे गेला, आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. घरातल्या बायकांकडे एकेक करून पाहत तो मोठ्या मायपाशी थांबला.

"माय, तहान लय लागते ना?"

"हाव," मोठी माय दचकून म्हणाली.

"रातच्याले उठा लागते? चार-चार, पाच-पाच डाव?"

तिनं मान खाली घातली.

"पायाले लागलं त कळत नाई, अन् लागलेलं भरत नाई."

तिनं फडकं बांधलेला पाय लुगड्याखाली ओढून घेतला. महिनाभरापूर्वी पायात काटा मोडला होता, तो चिघळत चालला होता. भगवंतरावांनी तर तोंडातच बोट घातलं. न सांगता सगळं ओळखलं! त्यांनी बुवाच्या पायावर डोकं ठेवलं.

"तुमी याले बिमारी समजत होते," बुवा म्हणाला. "हे तहान हिची नोहे, मायची हाय. मांस माय खाऊन राह्यली. अन् पायाले जे हाय, ते मायचं पाऊल उमटून राह्यलं. औषध लावान त घर जळन."

दुसऱ्या दिवशी दगडाला शेंदूर लागला. बुवानं तीन नियम घालून दिले. दिवस मावळला की त्या कोपऱ्याकडे आवडाबाईशिवाय कोणी फिरकायचं नाही. आवडाबाईनं दिवसातून पाच वेळा तांब्याभर गुळाचं पाणी प्यायचं, मायचा नैवेद्य म्हणून. आणि पायाला रोज गूळ-हळदीचा लेप.

या तीन नियमांत त्या माणसाची सगळी विद्या आली. ते मला पुढे कळलं. जितकं गुळाचं पाणी पोटात, तितके सकाळी मुंगळे जास्त. आणि लेप गुळाचा, म्हणून मुंगळे दगडावरून पायावरही यायला लागले. फडक्याच्या घडीतून आत शिरायचे. मोठ्या मायला त्या पायाची जाणीवच उरली नव्हती, ती तशीच बसून राहायची. बायका ओरडायच्या, "माय पाऊल पुसून राह्यली व, पाय, पाय!" आणि त्या सडक्या पायावर हळदकुंकू टाकायच्या.

तुम्ही विचाराल, मोठ्या मायला तरी कळत नव्हतं का? मी तिला एकदा विचारलं होतं. भर दुपारी, घरात कोणी नसताना. म्हटलं, "मोठी माय, हा त आपला दगड हाय ना?"

तिनं फडक्याची सुटलेली गाठ आवळली. मग म्हणाली, "नाने, त्या चंद्रीची ओटी भरली ना काल, तिनं मले बलावलं. पयली ओटी माझ्या हातानं भरून घेतली. माझ्या पाया पडली." आणि फडक्यातून वर आलेला एक मुंगळा तिनं हळूच बोटानं झटकला. "असन माय. असनच. नाईत साऱ्या जन्मात नाई अन् आताच काहून लोक पाया पडतीन?"



ज्या सकाळी हौसाबाईनं बोट चाटलं, त्याच सकाळी तिनं माझी हनुवटी धरून माझ्या जिभेलाही बोट लावलं होतं. मी गिळलं नाही. कुडामागे जाऊन ओकले, चुलीतली राख घेऊन जीभ रक्त येईस्तोवर घासली. माझं पाहून कोणी तरी म्हणालं, पोट्टीच्या अंगात आलं.

माझी माय तेव्हा आठव्या महिन्यात होती. मंगरूळपीरच्या दवाखान्यातली पंचफुलाबाई नर्स तिला तपासायला यायची. पांढरं लुगडं, सायकलीला अडकवलेली चामड्याची पिशवी. बाळंतपणाला सगळ्या गावाला तीच लागायची, पण तिच्या हातचं पाणी कोणी प्यायचं नाही. ती गेली की उंबरठ्यावर गोमूत्र शिंपडायचे. तिला ते दिसायचं. ती सायकल काढून निघून जायची.

त्या दिवशी दुपारी, गर्दी पांगल्यावर, तिनं माझ्या मायचं मूत एका काचेच्या नळीत घेतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायला लागली. मी तोंड वाकडं केलं.

"बाई, मुतात काय पायता?"

"लय काही दिसते, पोरी. सूज काहून येते ते दिसते. साखर असन त तेही दिसते."

"मुतात साखर?" मी एकदम उठून उभी राहिले. "मंग मुंगळे येतीन काय त्याले?"

पंचफुलाबाईचा हात थांबला. तिनं दिवा विझवला, नळी खाली ठेवली आणि मला जवळ ओढलं. "कोणाच्या मुताले मुंगळे येतात, सांग."

शपथ मोडली तर मोठी माय मरेल, असं मला वाटत होतं. मी रडतरडत सांगितलं.

"नाई मरन," पंचफुलाबाई म्हणाली. "नाई सांगितलं असतं, त मेली असती."

ती सरळ मोठ्या मायच्या खोलीत गेली आणि दार ओढून घेतलं. मी आतच होते. तिनं फडकं सोडलं. त्या वासानं मला दाराशी जाऊन श्वास घ्यावा लागला. पंचफुलाबाईनं नाकाला पदर लावला नाही. चिमट्यानं एकेक मुंगळा काढला, जखम धुतली. पायाची दोन बोटं काळी पडली होती.

"आवडाबाई, लेकरं किती झाली?"

"तीन. गेली."

"मोठी होती? जास्तच मोठी?"

मोठ्या मायनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाई. मायच्या रक्तात साखर वाढली त पोटातलं लेकरू असं फुगते, अन् कित्येक डाव जगत नाई. तुमचा दोष नोहता. कोणाची नजर नोहती. बिमारी होती, तवापासून. कोणी पायलंच नाई."

मोठी माय भिंतीला टेकली. तीन लेकरांबद्दल तिला 'तुझा दोष नव्हता' असं कोणी म्हणण्याची ही पहिली वेळ होती. मग ती हळूच म्हणाली, "मंग मी देवी नाई?"

"देवी असत्या त मी बी पाया पडली असती. तुमी बिमार हाय, अन् तो माणूस तुमाले मारून राह्यला. तहान, रातचं उठणं, न भरणारा पाय, हे तीन सवाल डाक्टरबी विचारते. त्याले बिमारी ओळखता येते, आवडाबाई. ओळखूनच त्यानं गूळ पाजला."

दुसऱ्या सकाळी गर्दी कालच्यापेक्षा मोठी होती. पार मानोऱ्याहून बैलांची दमणी भरून माणसं आली होती. बुवा रंगात आला होता. तेवढ्यात कुडापाशी पांढरं लुगडं दिसलं आणि वस्तीतले जाणते पुंजाजी खेकसले, "ए बाई, तू कायले आली अठी? सोवळ्याची जागा हाय."

"मी बाहेरच उभी हावो, पुंजाजीभाऊ. एकच विचारतो. बुवा सगळ्याईले अंगारा देतात. सोता कधी घेतात?"

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. खरंच, बुवाला बोट चाटताना कोणी पाहिलं नव्हतं.

"देणाऱ्यानं घ्यायचं नसते," बुवा म्हणाला.

"आमच्या दवाखान्यातलं औषध आमचा डाक्टर बिमार पडला त सोता घेते," पंचफुलाबाई म्हणाली. "तुमचं कसं औषध हाय हे?"

कोणी तरी हसलं. पुंजाजींना तो बुवाचा अपमान वाटला. "घ्या ना बुवा," ते म्हणाले, "एक बोट घ्या, अन् हिचं तोंड बंद करा."

"हिची सावली पडली! माती विटाळली आता!"

"तिची सावली कुडाच्या पल्याड हाय," मोठी माय म्हणाली.

सगळ्यांच्या माना पाटाकडे वळल्या. इतक्या दिवसांत पाटावरची देवी पहिल्यांदा बोलली होती. ती उठली, दुखऱ्या पायावर तोल सावरत दगडापाशी गेली, वाकली आणि तिथली ओली माती चिमटीत घेऊन बुवाच्या तोंडासमोर धरली.

"घे."

बुवा एक पाऊल मागे सरला.

"घे ना. मी देवी हावो ना तुही? देवी आपल्या हातानं देऊन राह्यली."

बुवानं मान फिरवली. त्याच्या तोंडावर जी किळस आली, ती मी कधी विसरणार नाही. इतके दिवस शेकडो लोकांच्या जिभेवर तो ती माती ठेवत होता, आणि आपल्या ओठाजवळ आली तेव्हा त्याला उमासा आला.

"पायलं?" मोठी माय लोकांकडे वळली. "याले ठाऊक हाय, म्हनून हा घेत नाई. तुमाले ठाऊक नाई, म्हनून तुमी घेता. पुंजाजीभाऊ, हे माझी मुतायची जागा हाय."

मला त्या क्षणाचा आवाज आठवतो. कोणाच्या तरी हातातला नारळ खाली पडला. हौसाबाई तोंडात पदर कोंबून पळाली आणि विहिरीच्या पाटापाशी जाऊन ओकली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. पुंजाजी कपाळ पुसत होते, धोतराच्या सोग्यानं पुसतच होते.

पंचफुलाबाईनं तिथंच दिवा पेटवला. दोन नळ्यांत निळं औषध घेतलं. एकीत माझ्या मायच्या मुताचे थेंब, दुसरीत मोठ्या मायच्या. तापवल्यावर पहिली निळीच राहिली. दुसरी आधी हिरवी झाली, मग पिवळी, मग विटेसारखी लाल.

"हे लाल म्हनजे साखर," ती म्हणाली. "साखर शरीरानं वापरायची, ते वापरत नाई, मुतावाटे वाहून जाते. मुंगळे साखरेले येतात. आले. बस, इतकंच हाय हे."

"रक्त आलं, रक्त!" बुवा शेवटचं ओरडून पाहत होता, पण त्याच्याकडे आता कोणी पाहत नव्हतं. तो कुडाकडे पळाला, आणि घाईत त्याचा अनवाणी पाय बरोबर मुंगळ्यांच्या रांगेत पडला. मायच्या फौजेनं आपल्या सेनापतीला असं काही फोडून काढलं की पार रस्त्यापर्यंत तो एका पायावर नाचत गेला. त्यानंतर त्याला आमच्या भागात कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात तो दुसरं काही चाटवत असेल.

भगवंतराव खाली मान घालून बसले होते. पंचफुलाबाई नळ्या धुताधुता म्हणाली, "दादा, मागच्या साली तुमचं पोट दुखलं तवा कोणता बुवा बलावला होता?"

"मी अकोल्याले गेलो होतो," ते म्हणाले.

"मंग आवडाबाईलेबी अकोल्याची मोटर दाखवा."

त्याच दुपारी मोठ्या मायला अकोल्याला नेलं. पायाची दोन बोटं कापावी लागली. आणखी आठ दिवस उशीर झाला असता तर गुडघ्याखालचा पाय गेला असता, आणि कदाचित तीही. तिथल्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाबही पाहिला, तो वाढलेला होता. छाती ऐकली. म्हणाले, या तिन्ही गोष्टी एकमेकींचा हात धरून येतात. साखर, दाब आणि मग काळीज.

परत आल्यावर पंचफुलाबाई रोज सायकलीवर येऊन तिला सुई टोचायची. पहिल्या दिवशी मोठी माय तिला म्हणाली, "जरा पाणी दे ना व माठातलं." दारातून पुंजाजी घाईनं म्हणाले, "आवडे, तिच्या हातचं?" मोठी माय गडवाभर पाणी घटाघटा प्यायली आणि तोंड पुसून म्हणाली, "ज्यानं माझं मूत चाटलं, त्यानं मले इटाळ शिकवू नये, भाऊ."

ती त्यानंतर अकरा वर्षं जगली. ओटी भरायला बोलावणं यायचं बंद झालं, पण तिला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. गावात कोणी बाई पोटुशी राहिली की आधी तिला दवाखान्यात पाठवायचं काम तिनं अंगावर घेतलं. "तुह्या लेकराले माझ्या लेकराईवानी होऊ देऊ नको," एवढंच म्हणायची.

मला स्वतःला पंधरा वर्षांपासून साखर आहे, दाब आहे. नात बोटाला टोचून यंत्रावर आकडा पाहते. निळी नळी आता लागत नाही. पण बाकी काय बदललं? अजूनही माझ्या वयाच्या, माझ्या मुलींच्या वयाच्या बाया म्हणतात, जरा दम लागते, वात असन. पाठीत, जबड्यात कळ येते, काम जास्त झालं असन. पाय बधिर झाला, थंडी असन. नवऱ्याच्या छातीत दुखलं तर रातोरात गाडी निघते. बाईच्या छातीत दुखलं तर लिंबू उतरवतात. बाईला ही दुखणी होत नाहीत, असा कोणी तरी आपल्याला पढवून ठेवलेला मंत्र आहे. तो कुठल्याही बुवाच्या मंत्राइतकाच खोटा आहे.

बायांनो, मुंगळ्यांनी आमच्या घरी काही खोटं सांगितलं नव्हतं. जिथं गोड होतं तिथं ते आले. खोटा होता तो माणूस, आणि त्याचं खोटं चाललं ते आमच्या लाजेवर. तुमच्या अंगात काही वेगळं दिसलं, तहान वाढली, जखम भरेना, श्वास पुरेना, लेकरू जास्तच थोराड जन्मलं, तर हात जोडू नका आणि तोंडही मिटू नका. दंडाला पट्टा बांधून घ्या, रक्त तपासून घ्या. आणि लाज वाटलीच, तर माझी मोठी माय आठवा. साऱ्या गावासमोर तिनं एक वाक्य म्हटलं, आणि त्या एका वाक्यानं तिचा पाय वाचला.